हिरा अस्थिर असेल, तर तो टिकतो कसा?

प्रश्न (एक पालक):
सामान्य तापमानाला व दाबाला कार्बनचे अधिक स्थिर अपरूप (एकाच मूलद्रव्याचे निराळ्या रचनेचे रूप) हिरा नसून ग्रॅफाइट आहे, असे माझ्या दहावीतल्या मुलीला शिकवणीत सांगण्यात आले. तसे असेल, तर आजीच्या चमकीतला हिरा पन्नास वर्षांत काळा का पडला नाही, असे ती विचारते. अस्थिर पदार्थ टिकून राहतो, हे विधान मलाही विसंगत वाटते.

उत्तर (रसायनशास्त्राची शिक्षिका):
अभिक्रिया घडणे ऊर्जेच्या दृष्टीने अनुकूल आहे का आणि ती किती वेगाने घडते, हे दोन निराळे प्रश्न आहेत. शाळेत ते वेगवेगळ्या धड्यांत येतात, म्हणून हा घोळ होतो. हिऱ्याचे ग्रॅफाइट होताना मुक्त ऊर्जा (जी कमी होत असेल तर बदल अनुकूल ठरतो) मोलमागे जेमतेम २.९ किलोजूल कमी होते. मात्र हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी सहसंयुज बंधांनी जोडलेला असतो, आणि असे एक मोल बंध तोडायला सुमारे ३५० किलोजूल लागतात. ती जाळी विस्कटल्याशिवाय नवी रचना उभी राहू शकत नाही. हा अडथळा म्हणजेच सक्रियण ऊर्जा. घरातल्या तापमानाला तो ओलांडण्याइतकी ऊर्जा अणूंपाशी जवळजवळ कधीच नसते, त्यामुळे अभिक्रियेचा दर शून्यवत राहतो.

उत्तर (बारावीचा विद्यार्थी):
पण ग्रॅफाइट इतके मऊ असते की त्याने कागदावर लिहिता येते. कमकुवत बंधांचा पदार्थ अधिक स्थिर कसा?

उत्तर (रसायनशास्त्राची शिक्षिका):
मऊपणावरून बंधांचे बळ ठरवू नये. ग्रॅफाइटच्या थरातील दोन अणूंमधले अंतर १४२ पिकोमीटर, तर हिऱ्यात ते १५४ पिकोमीटर असते. म्हणजे थरातला बंध हिऱ्यातल्या बंधापेक्षा आखूड आणि बळकट असतो. कमकुवत असते ते थराथरांमधले आकर्षण, कारण थर एकमेकांपासून ३३५ पिकोमीटर दूर असतात. पेन्सिलीने लिहिताना थर घसरतात, थरातले बंध तुटत नाहीत.

उत्तर (पदार्थविज्ञानाचा अभ्यासक):
तापमान वाढवले की हा अडथळा ओलांडता येतो. हवा वगळून हिरा साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवल्यास त्याचे ग्रॅफाइट होऊ लागते. हवेत मात्र त्याच्या बऱ्याच आधी, ७०० ते ८०० अंशांच्या आसपास, ऑक्सिजनशी अभिक्रिया सुरू होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हिरा जाळून तो निव्वळ कार्बन असल्याचे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ स्मिथसन टेनंट यांनी १७९७ मध्ये दाखवले, ते याच मार्गाने.

प्रश्नकर्ते पालक:
आभारी आहे. मुलीला पटले, पण आता चमकीची तार जोडताना सोनाराच्या ज्योतीने हिरा जळेल का, अशी तिला चिंता आहे.

उत्तर (पदार्थविज्ञानाचा अभ्यासक):
पृष्ठभाग धुरकट होऊ शकतो. म्हणूनच जाणकार कारागीर आधी हिऱ्यावर बोरिक आम्लाचा लेप देतात. तो वितळून काचेसारखा थर होतो आणि ऑक्सिजन हिऱ्यापर्यंत पोहोचत नाही. शक्य असल्यास हिरा काढूनच तार जोडून घ्यावी.