मदत हवी आहे: बाबांना 'टॉवरचा त्रास' होतोय, कुठल्या डॉक्टरांकडे न्यावं?

नमस्कार मंडळी,
आम्ही कोथरूडला राहतो. बाबा ६८ वर्षांचे. दिवाळीनंतर समोरच्या गच्चीवर मोबाईल टॉवर उभा राहिला, तेव्हापासून त्यांचं डोकं जड, कानात शिट्टी, झोपेचं खोबरं. रात्री वायफाय बंद आणि सगळे मोबाईल पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात! आई जाम वैतागलीये. 'रेडिएशन शोषणारा' दीड हजाराचा स्टिकरसुद्धा आणून झाला.

त्रास खोटा नाही, हे आधीच सांगते. डोकं धरून बसलेले बाबा मी रोज बघते. जागतिक आरोग्य संघटनेनंही २००५ सालीच म्हटलंय की लक्षणं खरी असतात, पण ती विद्युतचुंबकीय लहरींमुळेच होतात याला आधार नाही. लहरी चालू की बंद हे कुणालाच न सांगता केलेल्या प्रयोगांत लोकांना फरक ओळखता येत नाही, आणि लहरी नुसत्या चालू आहेत असं वाटलं तरी डोकं दुखतं.

म्हणून बाबांना विचारूनच घरी करून पाहिलं. राउटरच्या दिव्यांवर काळी टेप लावली, चिठ्ठ्या टाकून दहा रात्री तो चालू-बंद केला. सकाळी बाबा डायरीत 'झोप बरी' किंवा 'वाईट' लिहायचे. बंदच्या पाच रात्रींतल्या तीन वाईट, चालूच्या पाचांतल्या दोन. बाबा म्हणाले, "टॉवर कुठे बंद होता?" मी गप्प. मुद्दा बिनतोड होता.

आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा २०१२ साली आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली होती. दूरसंचार खात्याच्या 'तरंग संचार' पोर्टलवरून मोजणीही मागवता येते. पण आकडा कमी आला तर बाबा मीटरवरच शंका घेतील, ही भीती. मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की "मी वेडा आहे का?" कुणाकडे जाऊ?

प्रतिसाद:
ताई, मोजणी राहू द्या, आधी कान तपासा. शिट्टी वाजते म्हणताय तर ईएनटीकडे (कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे) जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. माझ्या मामांचा 'टॉवर' कानातला मळ निघाला! दिवाळीच्या सुमारास बीपीची गोळी बदललीये का? संध्याकाळचे चहा किती? आणि डब्यात सिग्नल मिळाला नाही की फोन उलट जास्त जोर लावतो. ठेवायचाच तर फ्लाइट मोडवर ठेवा.

धागाकर्ती:
गोळी नोव्हेंबरमध्ये बदललीये!! लक्षातच नव्हतं. जुनी स्ट्रिप देवघराच्या खणात सापडली, दोन्ही घेऊन सोमवारी डॉक्टरांकडे जाते. शनिवारची ईएनटीची वेळही घेतली, कानाचं म्हटल्यावर बाबा लगेच तयार झाले. चहाचं मात्र अजून बोलले नाहीये. आईला तिचा डबा परत मिळालाय.