केबल लॉक की यू-लॉक?

सायकलला नंबरवालं केबल लॉक (प्लॅस्टिकच्या आवरणातली वायर) सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठीक, पण स्टेशनबाहेर दिवसभर सायकल ठेवणार असाल तर अजिबात नको, दिसायला जाडजूड पण बरंचसं प्लॅस्टिकच असतं, आतली वायर चांगल्या कटरने काही सेकंदात तुटते. हार्डन्ड (कडक केलेल्या) स्टीलचं यू-लॉक, म्हणजे यू आकाराच्या दांड्याचं कुलूप घ्या, दांडा १३-१४ एमएम जाडीचा, ते कापायला ग्राइंडर लागतो आणि भर रस्त्यात तेवढा आवाज कोण करणार (करणारे करतातही म्हणा!). लहान साइजचंच बघा, आत जागा उरली की पहार घालता येते. मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही खांबाला अडकवा, नुसतं पुढचं बांधलं तर क्विक रिलीजवाल्या (खटका ओढून चाक सुटणाऱ्या) सायकलचं चाक तेवढं मागे राहतं. केबल आधीच घेतली असेल तर ती पुढच्या चाकाला वापरा. आणि खांब बुटका नको, नाहीतर लॉकसकट उचलून नेतात.