मदत हवी आहे: पोरांच्या कार्यक्रमात दामाजीपंत नि डॉ. कोटणीस कसे दाखवू?

नमस्कार मंडळी, गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी आमच्या सोसायटीत पोरांचा छोटा कार्यक्रम आहे नि बसवायची जबाबदारी माझ्या गळ्यात आलीय. दरवेळी तलवारी नि घोषणा होतात, यंदा म्हटलं माणसांवर जीव लावलेली माणसं घेऊ, तीही आपल्याच भागातली.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत ठरले, दुष्काळात बादशहाची कोठारं उपाशी लोकांना उघडून देणारे. त्यासाठी ज्वारीची दोन पोती आणलीत, एक पोरगं तालमीत त्यावरच झोपतंय! विठ्ठल महाराच्या रूपात बादशहाकडे जाऊन त्या धान्याचे पैसे भरतो तो प्रसंग कसा दाखवायचा की पाच मिनिटांत संपेल आणि कुणाला टोचणार पण नाही, हे काय सुचंना.

दुसरे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१० चा, आपल्या सोलापूरचाच. १९३८ ला भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले, तिथेच लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. हे नाव ऐकून पोरं एकदम गप्प झाली, शेवट तिथेच करावा असं वाटतंय.

कोटणीसांना बर्फ लागेल ना, स्टेजवर कापूस उडवू का थर्माकोल? आणि भैया चौकाजवळच्या त्यांच्या स्मारकात दहा-बारा पोरं न्यायची तर आधी विचारावं लागतं का? कुणी नेलं असेल तर सांगा, रविवारी जायचं चाललंय.