मदत हवी आहे: पाच आठवड्यांचं बदकाचं पिल्लू पायावर उभंच राहत नाही

साकव
चिपळूणजवळ राहतो. पांढऱ्या पेकिनची दोन पिल्लं आहेत, वय साधारण पाच आठवडे. एक परवापासून उभं राहत नाही. घोट्यांवर बसून, पंख टेकत पुढे सरकतं. उचलून उभं केलं तर पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात आणि लगेच बसतं. दोन्ही घोटे जाड वाटतात. दुसरं चालतं, पण डुलत. चार पावलं टाकली की बसकण मारतं. दोघांचे डोळे स्वच्छ आहेत, खाण्याची हाव आहे. खाणं म्हणजे सकाळी ब्रॉयलर स्टार्टर (मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचा तयार खुराक), मग दिवसभर भात आणि भरडलेला मका. जनावरांचे डॉक्टर सोमवारी येणार आहेत. तोवर घरी काय करता येईल?

खाजणकाठ
आधी एवढं बघून सांगा. मान सरळ उचलतं का, की लुळी पडते? तळव्याला काळी खपली किंवा गाठ आहे का? विष्ठा हिरवी, पाण्यासारखी किंवा रक्ताची आहे का? आणि घोट्याच्या मागच्या बाजूने बोट फिरवा. जाड दोरीसारखी शीर (कंडरा, रक्ताची नस नव्हे) सांध्याच्या बरोबर मधोमध लागायला हवी. ती बाजूला सरकलेली लागते का?
खाली लादी किंवा वर्तमानपत्र असेल तर आत्ताच काढा, त्यावर पाय फाकतात. गोणपाट घाला, त्यावर कोरडं तूस. तुसाला कुबट वास येत असेल तर नको, त्यातली बुरशी फुप्फुसात जाते.

साकव
मान सरळ आहे. तळवे स्वच्छ आहेत. विष्ठा नेहमीसारखी. शीर मधोमध लागते. खाली लादीच होती, गोणपाट घातलं.

रानवाट
कोंबड्यांना देतात ते एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक पाण्यातून पाच दिवस द्या. आमच्याकडे सगळे तेच देतात.

टिटवी
रानवाट, हे नको. पिल्लू हावरं आहे, डोळे स्वच्छ आहेत, विष्ठा ठीक आहे. जंतुसंसर्गाचं एकही लक्षण यात नाही. शिवाय या जातीच्या औषधाने वाढत्या वयात सांध्याच्या कूर्चेला इजा होऊ शकते, आणि इथे दुखणं सांध्याचंच आहे.
साकव, तुम्ही लिहिलेलं खाणं आणि वाकलेले पाय एकत्र ठेवले तर पहिला संशय नायसिनच्या कमतरतेवर जातो. नायसिन म्हणजे बी-३ जीवनसत्त्व. कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खुराकात २७ ते ३५ मिग्रॅ पुरतं, बदकाला ५५ लागतं. बरेचसे प्राणी ट्रिप्टोफॅनपासून (प्रथिनांतला एक घटक) थोडं नायसिन शरीरातच बनवतात. बदकाला ते फारसं जमत नाही, म्हणून ते खाण्यातूनच यावं लागतं. पॉलिश केलेल्या भातात नायसिन नावालाच असतं. मक्यात असतं, पण अशा रूपात बांधलेलं की पचनात सुटत नाही. स्टार्टरमध्ये जे होतं ते तुम्ही दिवसभर भात-मका देऊन पातळ केलंत. पेकिनचं वजन भराभर वाढतं, हाडं मागे पडतात आणि पाय वाकतात.
आजपासून भात-मका बंद. फक्त स्टार्टर, पाण्यात कालवून ओलसर. वाटीभर (साधारण १५० ग्रॅम) खुराकाला १ मोठा चमचा ब्रूअर्स यीस्टची पावडर. पावाचं यीस्ट चालणार नाही, ते जिवंत असतं आणि पोटात फसफसतं. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या काही यीस्टमध्ये लसूण असतो, तेही नको. दुसऱ्या पिल्लालाही हेच द्या. ते आजारी दिसत नसलं तरी त्याच वाटेवर आहे.

साकव
इथे यीस्ट मिळायला दोन दिवस लागतील. मेडिकलमधल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालतील का? किती द्यायच्या?

टिटवी
चालतील, पण पाकिटावर निकोटिनामाइड (नायसिनचंच एक रूप) किती मिग्रॅ लिहिलंय ते वाचून घ्या, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. फक्त बी गटाची गोळी हवी. लोह किंवा अ-ड जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन नको. हळूहळू विरघळणारी, म्हणजे सस्टेन्ड रिलीज लिहिलेलीही नको.
१०० मिग्रॅ निकोटिनामाइड असेल तर एक गोळी कुटून ३ लिटर पाण्यात. ५० ची असेल तर दीड लिटरला एक. पाणी पिवळं होईल, ते बी-२ मुळे, घाबरू नका. दुसरं पाणी ठेवू नका आणि हे रोज सकाळी ताजं करा. बदकं निम्मं पाणी सांडतात, म्हणून पाण्यावर कायम भरवसा ठेवता येत नाही. यीस्ट आलं की खुराकातून सुरू करा आणि पिल्लं किमान १२ आठवड्यांची होईपर्यंत चालू ठेवा. पाय सुधारले म्हणून मध्येच सोडलं की पुन्हा बसतात.

खाजणकाठ
यात भर घालतो. उभं न राहणारं पिल्लू भांड्यापर्यंत पोचत नाही आणि शेवटी उपाशी-तहानलेलं मरतं. बऱ्याचदा पायांपेक्षा हेच नडतं. खुराक आणि पाणी चोचीजवळ, शेजारी शेजारी ठेवा. बदक घास पाण्याबरोबर गिळतं, नुसता कोरडा भुगा घशात अडकतो. पाण्याचं भांडं इतकं खोल हवं की नाकपुड्या बुडतील, नाहीतर नाक-डोळे चिकटतात. पण ते जड आणि अरुंद तोंडाचं घ्या. पसरट टबात अशक्त पिल्लू पडलं तर त्याला बाहेर येता येत नाही.
चोच उघडून पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. पाजायचंच असेल तर सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेवर एकेक थेंब, आणि त्याने गिळलं की पुढचा.
एकाच जागी बसून छातीच्या हाडावर फोड येतात. दिवसातून चार-पाचदा जागा बदला, ओलं तूस लगेच काढा. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी तुकडा करूनही देऊ नका.

साकव
टबात पोहायला सोडू का? आणि उरलेल्या मक्याचं काय? थोडा हिरवट झालाय. उन्हात वाळवून पुढे देता येईल ना?

टिटवी
पोहणं उत्तम, वजन पाण्यावर राहतं आणि पाय हलतात. कोमट पाणी, पंजे तळाला जेमतेम टेकतील एवढंच, १० मिनिटं, दिवसातून दोनदा, समोर बसून. आईविना वाढलेल्या पिल्लाच्या पिसांना पुरेसं तेल नसतं. भिजून गारठतं, म्हणून लगेच पुसून ऊब द्या.
मका मात्र टाकून द्या, गुरांना किंवा कोंबड्यांनाही नको. हिरवट बुरशीत अफलाटॉक्सिन असू शकतं. ते उन्हाने जात नाही, शिजवूनही जात नाही. घरच्या पाखरांत बदकाएवढं त्याला हळवं कोणी नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने टर्की आणि बदकांची पिल्लं हजारोंनी मेली तेव्हा हे विष उजेडात आलं. नंतर त्याची चाचणीच बदकाच्या पिल्लांवर घेत. पावसाळ्यातली शेंगदाणा पेंड म्हणूनच बदकांना देऊ नये. पायांची त्वचा जांभळट दिसली किंवा खाणं एकदम सुटलं तर डॉक्टरांना मक्याचं आवर्जून सांगा.

रानवाट
मग सोमवारची वाट बघायची की नाही?

खाजणकाठ
आत्ताच्या लक्षणांवर बघायला हरकत नाही. नायसिनच असेल तर दोन-तीन दिवसांत उठायची धडपड वाढलेली दिसते. पाय पूर्ण सरळ होणं वयावर आहे. पाच आठवड्यांना थोडा बाक राहू शकतो.
रोज सकाळी ती शीर तपासा. बाजूला सरकली आणि पाय पिळल्यासारखा फिरला तर त्याच दिवशी दाखवा. सरकलेली शीर नायसिनने जागेवर येत नाही, आणि पट्टी बांधून उपयोग व्हायचा तो सुरुवातीलाच. मान लुळी पडली तर बोट्युलिझम असू शकतो, म्हणजे सडक्या वस्तूंतल्या जंतूंच्या विषाने होणारा लकवा. मेलेलं जनावर, अळ्या किंवा साचलेलं डबकं आसपास आहे का बघा आणि लगेच डॉक्टर. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तरी थांबू नका.
आजूबाजूची पाखरं एकाएकी मरायला लागली तर मात्र पिशवीत घालून दवाखान्यात नेऊ नका. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तो अशाच मरतुकीतून. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा, मेलेल्या पाखराला उघड्या हाताने शिवू नका.
डॉक्टर येतील तेव्हा स्टार्टरच्या बॅगेवरचं लेबल समोर ठेवा. त्यात सॅलिनोमायसिन किंवा मदुरामायसिन लिहिलेलं असेल तर तेही दाखवा. ही कोंबड्यांच्या कॉक्सिडिओसिसवरची (आतड्यांतल्या परजीवींच्या आजारावरची) औषधं आहेत. मात्रा जास्त झाली तर स्नायू लुळे पडतात, आणि बदक कोंबडीपेक्षा जास्त खातं.