आत्या म्हणते, 'तुम्ही पेशंट बघत नाही, मॉनिटर बघता'

नाइट_नंतरचा_चहा:

मी पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर हे चौथं वर्ष. माझी आत्या सरकारी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर होती. परवा नाइट करून घरी आले तर ती चहा पीत बसलेली. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "दमलीस? कशानं? तुम्ही पेशंट कुठे बघता, मॉनिटर बघता आणि टाइप करता." जाम राग आला. दोन पेशंटना मी एक, तासातासाला एन्ट्री, इन्फ्युजन पंप, नातेवाइकांचे फोन, शिवाय ऑडिट. बारा तासांत एकदा पाणी प्यायले होते.

पण तिचं बोलणं डोक्यातून जात नाहीये, त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात माझ्याच एका पेशंट आजोबांना माकडहाडापाशी बेडसोअर निघाला, म्हणजे पडून राहून होणारी जखम. साल गेलेली, ग्रेड टू. तो आधी दिसला वॉर्डातल्या आयांना, म्हणजे आमच्या मावशींना. मी आदल्या रात्री चार्टवर 'स्किन इंटॅक्ट'वर टिक केली होती. पाठ न बघता.

इथे जुन्या सिस्टर आहेत म्हणून विचारते. तुमच्या वेळी खरंच वेगळं होतं, की म्हातारपणी सगळ्यांनाच आपला काळ भारी वाटतो?

बेड_नंबर_अकरा:

मी पेशंट. दोनदा ॲडमिट झालोय, १९९४ साली आणि गेल्या वर्षी. तेव्हा सुई टोचली की ब्रह्मांड आठवायचं, आता कळतसुद्धा नाही. पण तेव्हाच्या सिस्टरांची नावं आठवतात, गेल्या वर्षीची एकही नाही. बाकी चालू द्या.

रिटायर_सिस्टर:

बाळ, आधी एक सांगते. पाठ न बघता टिक केलीस हे इथे लिहिलंस, तिथेच निम्मं काम झालं. आमच्या काळात टिक करायला चार्टच नव्हता, म्हणून आमच्या चुका सापडल्या नाहीत एवढंच.

मी १९८६ ला सरकारी नोकरीत लागले, २०२२ ला रिटायर झाले. त्यामुळे दोन्ही टोकं बघितली आहेत. आत्याला विचार, काचेच्या सिरिंज आठवतात का. नळी आणि दट्ट्या यांचे नंबर जुळावे लागायचे, नाहीतर औषध मागून गळायचं. स्टरिलायझरमध्ये उकळायच्या आणि चिटल फोर्सेपनं, म्हणजे लांब चिमट्यानं उचलायच्या. सुया पुन्हा पुन्हा वापरायच्या. टोक कापसावरून ओढून बघायचं, धागा अडकला की समजायचं अणी वाकली, मग दगडावर घासायची. बोथट सुईनं लहान पोरांना पेनिसिलिन दिलंय मी. ती ओरडणी अजून कानात आहेत. त्याला कुणी 'खरं नर्सिंग' म्हणू नये.

ग्लोव्हज धुवायचो. हवा भरून भोकं तपासायची, दोरीवर वाळत घालायचे, पावडर मारून जोड्या लावायच्या आणि निर्जंतुक करायच्या ड्रममध्ये भरायचे. वॉर्डाच्या मागे दोरीवर ओळीनं हात लटकलेले असायचे, नवी पोरगी आली की दचकायची. भोक पडलेले फेकत नव्हतो, एनिमाला ठेवायचो. दुपारी पेशंट झोपले की गॉजचं थान कापून घड्या घालत बसायचं. सलाइन काचेच्या बाटलीतून, सुई थेट शिरेत, आणि हात लाकडी फळीला बांधलेला. पेशंट हलला की हात टम्म फुगायचा. थेंब घड्याळ लावून मोजायचे. पाचशेची बाटली आठ तासांत, वीस थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला एकवीस. हे झोपेत विचारलंस तरी सांगेन. तुमचा पंप हे काम माझ्यापेक्षा चांगलं करतो.

मी लागले त्याच वर्षी मद्रासला एड्सच्या पहिल्या केसेस सापडल्या. आमच्या वॉर्डापर्यंत भीती पोचायला मात्र चार-पाच वर्षं गेली. पोचली तेव्हा रात्री झोप उडाली, कारण तोवर किती वेळा सुई बोटात गेली होती याचा हिशोबच नव्हता. पुढे डिस्पोजेबल आलं, १९९८ मध्ये कचऱ्याचे नियम आले, पिवळी-लाल पिशवी आली. जुन्या सिस्टर कुरकुरल्या, 'कचऱ्याला कसले रंग?' त्यात मीही होते.

आता डॉक्टरांसमोर तोंड उघडण्याबद्दल. १९९० च्या आसपासची गोष्ट. इंटर्ननं इन्सुलिन लिहिलेलं, चारचा आकडा आणि पुढे इंग्रजी यू. घाईत काढलेला यू वरून मिटला की शून्य दिसतो. मी वाचलं चाळीस. भरायला घेतलं तर सिरिंज काठोकाठ भरली, आणि तिथे हात थांबला. बाईंची साखर एवढी नव्हतीच. डॉक्टरांना उठवलं. "लिहिलंय ते द्यायचं, नर्स आहात तर नर्ससारखं राहा," असं ऐकवलं. तरी मी केसपेपर नाकासमोर धरला. त्यांनी बघितलं, खोडलं, 'चार युनिट' असं अक्षरात लिहिलं आणि झोपायला गेले. सकाळी मेट्रननं, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरिष्ठ बाईंनी, लेखी खुलासा मागितला, कशाबद्दल, तर डॉक्टरांशी उलट बोलल्याबद्दल. तो मी लिहून दिला. आज फोनवर ऑर्डर आली की तुम्ही परत वाचून दाखवता ना? त्यामागे असल्या किती रात्री आहेत, ते तुम्हाला कुणी शिकवत नाही.

मग आत्याचं काय खरं? स्पंजिंग, म्हणजे पेशंटचं अंथरुणातच अंग पुसणं.

पहाटे पाचला सुरू व्हायचं. नाइटची सिस्टर, दोन स्टुडंट, कोमट पाण्याचं भांडं, मॅकिंटॉश म्हणजे अंगाखाली घालायचं रबरी कापड. पेशंटला कुशीवर घ्यायचं, पाठ पुसायची, स्पिरिट लावायचं, वर पावडर. आता कळतं की स्पिरिटनं कातडी कोरडीच पडायची, आणि चोळण्यातही फायदा नव्हता. पण त्या निमित्तानं चाळीस पाठी रोज हाताखालून जायच्या. टाच, कोपर, माकडहाड, रायल्स ट्यूबची, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीची टेप लावलेलं नाक. आणि कुशीवर वळलेला माणूस बोलतो. डोळ्याला डोळा नसतो ना. एक शेतकरी होते, खुब्याचं हाड मोडलेलं. राउंडला 'बरं आहे' एवढंच म्हणायचे. वळवताना हळूच म्हणाले, "सिस्टर, ही पोटरी रातीपासून ठणकतीया." पोटरी माझ्या हातातच होती. दुसरीपेक्षा जाड आणि गरम. शिरेत गुठळी निघाली. मी हुशार होते म्हणून कळलं नाही, पाय पुसत होते म्हणून कळलं.

हे काम आमच्या हातून कुणी हिसकावलं नाही. कागद वाढले, जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि हळूहळू स्पंज मावशींकडे गेला. खरं सांगायचं तर आम्हीही सुटलो म्हणून खूश झालो. बेडपॅन उचलणारी म्हणून माझं एक स्थळ परत गेलं होतं. ते मनात होतंच. पण घाण काम दिलं त्याबरोबर बघणंही देऊन टाकलं, ते लक्षात आलं नाही. म्हणून तुझ्या आजोबांची जखम मावशींना दिसली. त्यांचे आभार मान.

तू स्पंज देऊ नकोस, तुला वेळ नाही. फक्त कूस बदलताना तिथे उभी राहा. लाल दिसलं तर बोटानं दाब. बोट उचलल्यावर पांढरं झालं नाही, तर तो पहिल्या ग्रेडचा बेडसोअर समज. आपल्याकडे सावळ्या कातडीवर लाल दिसतच नाही, तिथे हाताची मागची बाजू लाव. आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं.

लीड्सचा_ब्रदर:

सिस्टर, नमस्कार. मूळचा सोलापूरचा, आठ वर्षं मुंबईत, २०१९ पासून इथे एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत. 'मेल नर्स' म्हटल्यावर वॉर्डबॉय समजून ट्रॉली ढकलायला सांगितलेला माणूस आहे मी, तेव्हा स्थळाचं दुःख समजतं.

पण मॉनिटरची बाजू घेतो. मुंबईत मी "सर, पेशंट मला बरा वाटत नाही" म्हणायचो, उत्तर यायचं "बघू." इथे न्यूज-टू नावाचा स्कोअर आहे. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप यांचे गुण मिळवायचे. पाच झाले की डॉक्टरला तातडीनं बोलवायचं, सात झाले की इमर्जन्सी टीम. मी फोनवर "स्कोअर सात" एवढंच म्हणतो आणि माणसं पळत येतात. तुम्हाला ज्यासाठी खुलासा द्यावा लागला, ते मला आकड्यानं फुकट दिलं. आकडा चुकीचा भरला तर मात्र कुणीच पळत नाही, आणि श्वास न मोजता 'सोळा' लिहिणारे इथेही आहेत.

अंघोळ इथेही हेल्थकेअर असिस्टंटच घालतात. तुमचं म्हणणं इथल्याही जुन्या नर्सेसकडून ऐकलंय, शब्द वेगळे.

रिटायर_सिस्टर:

ब्रदर, श्वास न मोजता लिहिणं आमच्याकडेही होतं, आमचा आवडता आकडा वीस. स्कोअरचं पटलं. मला तेव्हा असा आकडा मिळाला असता तर खुलासा लिहायची वेळ आली नसती.

नाइट_नंतरचा_चहा:

काल नाइट होती. पहाटे मावशी स्पंज देत होत्या तेव्हा जाऊन उभी राहिले. मावशी म्हणाल्या, "मॅडम, काही चुकलं का माझं?" फार वाईट वाटलं. चार वर्षांत मी पहिल्यांदाच गेले होते. एका काकांची उजवी टाच सिस्टरांनी सांगितलं तशी दाबली. पांढरी झाली नाही. लगेच टाचेखाली मऊ उशी दिली, चार्टवर लिहिलं, आणि ड्युटी सोपवताना मॉर्निंगच्या स्टाफला दाखवलीसुद्धा. आत्याला अजून काही बोललेले नाही.

रिटायर_सिस्टर:

उशी टाचेखाली नाही गं! पोटरीखाली दे, टाच अधांतरी राहिली पाहिजे. आत्ताच मॉर्निंगला फोन कर. आणि आत्याला इतक्यात सांगू नकोस, डोक्यावर बसेल.