विमान तीन तासांचं, पण घरी किती वाजता पोचता?

धाकटा भाऊ पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच दुबईला निघालाय. मुंबई-दुबई सरळ अंतर साधारण १,९३० किलोमीटर, विमानाचे तीन तास. आई म्हणते, "म्हणजे चिपळूणपासून मुंबईपेक्षा जवळच की!" आखातात असलेल्यांनी आपला दारापासून दारापर्यंतचा प्रवास सांगा, तासांसकट.

गुहागर
नऊ वर्षं ये-जा करतोय. तिकडून रात्री दहाला सुटलेलं विमान मुंबईत सव्वादोनला उतरतं. हवेत पावणेतीन तास, बाकी दीड तास घड्याळातला फरक. थंडीत वरचे वारे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे येताना वेळ कमी लागतो, जाताना जास्त. मग इमिग्रेशन, बॅगा, टॅक्सीने दादर, पहाटेची जनशताब्दी, चिपळूणहून एसटी. अंगणात पाय ठेवेपर्यंत साडेअकरा होतात. खोलीतून निघालेलो असतो तिकडच्या संध्याकाळी सहाला. म्हणजे सोळा तास, त्यातले हवेतले तीनसुद्धा नाहीत.

दापोली
भावाला सांगा, कोकमाचं आगळ हातातल्या बॅगेत नको. १०० मिलीपेक्षा मोठी बाटली तपासणीत काढून घेतात. आईने बुचावर मेण ओतून, वर फडकं बांधून दिलेली बाटली मला तिथेच ठेवावी लागली. लाल डाग पडलेलं फडकं तेवढं सोडून घेतलं. अजून कपाटात आहे.

वेंगुर्ले
चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा आम्ही फार आनंदलो होतो. रेल्वेची रात्र वाचून मुंबई सव्वा तासावर आली. पण जुलैत एकदा ढग इतके खाली होते की दोन घिरट्या घालून आमचं विमान मुंबईला परत गेलं. खिडकीतून समुद्राची फेसाची कड दिसली होती. आता पावसाळ्यात मी रेल्वेच धरते. पावसाळी वेळापत्रकात ती हळू धावते, पण घरी आणून सोडते.

राजापूर
वडील १९८९ ला मस्कतला गेले. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली, त्यामुळे तेव्हा एसटीची अख्खी रात्र. कशेडी घाट उतरला की आई देवाजवळचा दिवा लावायची, अंदाजानेच.

खेड
दादा गेले तेव्हा मी कुवेतला होतो. चार तासांत मुंबईत उतरलो. गणपतीचे दिवस, पेणपासून माणगावपर्यंत गाड्याच गाड्या. खेडला पोचायला अकरा तास लागले. काकांनी सगळ्यांना थांबवून धरलं होतं. पाऊस पडत होता, लाकडं ताडपत्रीखाली झाकलेली होती. भावाला म्हणावं, पासपोर्ट स्वतःजवळ ठेव, तातडीच्या रजेचा नियम पहिल्याच आठवड्यात विचारून घे आणि एका तिकिटाचे पैसे कायम बाजूला असू देत. मुंबईहून रात्रीची गाडी कोण काढेल, तेही आत्ताच ठरवून ठेवा.