लागणे, गोंधळणे, विखुरणे : तुम्हाला भेटलेले अर्थ

इजा, गोंधळ आणि पांगापांग यांसाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांतला क्वचितच एखादा एका अर्थावर थांबतो. मार, घात, भ्रम, व्यस्त, खुर्दा हे शब्द शेतात एक सांगतात, दवाखान्यात दुसरे आणि गणिताच्या तासाला तिसरेच. आपल्या कामात किंवा घरात असा एखादा शब्द अनपेक्षित अर्थाने समोर आला असेल, तर तो अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. शब्दकोशातल्या याद्या नकोत. शब्द कोणाच्या तोंडी, कोणत्या वेळी आणि कशासाठी आला, हे वाचायला आवडेल.

अपघात विभागातील डॉक्टर

माझ्या कामात सर्वांत जास्त जपून ऐकावा लागणारा शब्द म्हणजे ‘लागणे’. ठेच लागते, ऊन लागते, डोळा लागतो, बोलणे मनाला लागते. यांतला प्रत्येक अर्थ रुग्णाच्या तोंडून आम्ही ऐकतो आणि बहुतेक वेळा संदर्भावरून तो कळतोही. अडचण होते ती ‘गाडी लागली’ या दोन शब्दांशी. प्रवासात मळमळले तरी गाडी लागते आणि वाहनाची धडक बसली तरी गाडीच लागते. उलट्या दोन्हींत होऊ शकतात; पण डोक्याला मार बसल्यानंतर वारंवार होणाऱ्या उलट्या मेंदूला झालेल्या इजेचे लक्षण असू शकतात, म्हणून ‘गाडी लागली आणि उलट्या झाल्या’ एवढ्यावर आम्ही कधीच थांबत नाही. गाडीत बसल्यावर लागली की गाडीने उडवले, हे स्पष्ट विचारावे, अशी आमच्या वरिष्ठांची शिकवण होती आणि तीच मी पुढे देतो.

दुसरा शब्द ‘मुका मार’. वर जखम नाही, रक्त नाही, म्हणून घरचे लोक निर्धास्त असतात. परंतु पोटावर बसलेल्या मुक्या माराने प्लीहा फाटून आत रक्तस्राव होऊ शकतो. त्वचा काही बोलत नाही म्हणून हा मार मुका, आणि त्यामुळेच तो अधिक काळजीचा.

गोंधळलेपणाचे शब्द तर आम्हाला निदानात मदत करतात. नातेवाईक ‘भांबावलाय’ म्हणतात, तेव्हा क्षणभर थांबून माणूस स्वतःचे नाव, ठिकाण आणि वार बरोबर सांगतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. ‘बरळतोय’ किंवा जुन्या पिढीच्या भाषेत ‘वातात बडबडतोय’ म्हटले, की प्रकरण गंभीर निघण्याची शक्यता मला जास्त वाटते. ‘भ्रम’ मात्र पुन्हा विचारून घ्यावा लागतो, कारण आयुर्वेदात भ्रम म्हणजे चक्कर, सगळे गरगर फिरणे. बोलीत मात्र तो चुकीची समजूत किंवा वेडसरपणा असा घेतला जातो.

गणिताच्या शिक्षिका

घातांक शिकवताना ‘पाचाचा तिसरा घात’ म्हटले, की वर्गात हमखास कोणीतरी विचारते, ‘बाई, पाचाचा घात कोणी केला?’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर खरोखर आहे. संस्कृत गणितात गुणाकाराला हनन, वध, घात असे मारण्याचेच शब्द वापरले जात. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीत वर्गाची व्याख्या ‘समद्विघात’ आणि घनाची ‘समत्रिघात’ अशी आहे, म्हणजे दोन किंवा तीन समान संख्यांचा गुणाकार. विश्वासघातातला घात आणि घातांकातला घात हा एकच शब्द आहे, हे कळल्यावर मुले तो विसरत नाहीत.

‘व्यस्त’चे तसे नाही, तो शब्द हल्ली मला त्रास देतो. व्यस्त प्रमाणात एक राशी वाढली की दुसरी त्याच पटीत कमी होते. मुलांना मात्र हिंदीच्या प्रभावामुळे ‘आई व्यस्त आहे’ एवढेच ठाऊक असते. मूळ धातू ‘अस्’, म्हणजे फेकणे. त्याला ‘वि’ लागून व्यस्त झाले, वेगवेगळे फेकलेले. अस्ताव्यस्त खोलीत तो अर्थ अजून दिसतो, आणि वर्तुळाचा व्यासही त्याच धातूचा, पसरण्याच्या अर्थाने. कामात असलेल्या माणसाला मराठीत ‘कामात आहे’ म्हणता येते. गणिताचा शब्द गणिताला राहू द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

शेतकरी, विदर्भ

वरचे वाचून लिहितो. आमच्याकडे ‘घात झाला’ म्हणजे नुकसान, पण ‘घात आली’ म्हणजे पेरणीची वेळ साधली. पाऊस उघडल्यावर माती पायाला चिकटत नाही आणि ढेकळे हाताने फुटतात, ती घात; इतर भागांत वाफसा म्हणतात. एक पुल्लिंगी, दुसरी स्त्रीलिंगी, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

गोंधळ्यांच्या घरातील

गोंधळ हा आमच्या घराण्याचा कुलाचार आणि उपजीविका. लग्नानंतर देवीसाठी गोंधळ घातला जातो. चौक मांडणे, गण, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई अशा देवतांना ठिकाणाच्या नावाने बोलावणे, मग आख्यान आणि शेवटी आरती; संबळ, तुणतुणे आणि दिवटी यांच्या साथीने हा क्रम काटेकोरपणे पाळला जातो. रात्रभर चालणाऱ्या या विधीत काहीही विस्कळीत नसते. तरी ‘सभागृहात गोंधळ’ अशी बातमी वाचली, की मला मनापासून वाईट वाटते. संबळाचा आवाज आणि एकाच वेळी अनेक देवांना घातलेली साद दुरून ऐकणाऱ्याला कल्लोळ वाटली असावी, अशी माझी समजूत आहे. जवळ बसून ऐकणाऱ्याला त्यातील रचना कळते.

न्यायालयीन अनुवादक

बोलीत इजा, जखम आणि दुखापत अदलून-बदलून चालतात. अनुवादात तसे करून चालत नाही. ‘दुखापत’ म्हणजे शारीरिक वेदना, रोग किंवा दौर्बल्य. ‘जबर दुखापत’ मात्र कायद्याने ठरवून दिलेल्या प्रकारांपुरतीच. हाड मोडणे किंवा दात पडणे त्यात येते, पण भरपूर रक्त आलेली जखम येईलच असे नाही. ‘क्षती’ सर्वांत व्यापक, कारण शरीर, मन, लौकिक आणि मालमत्ता या चारही ठिकाणच्या बेकायदेशीर हानीला ती लागू होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले. हे भेद मात्र कायम राहिले.

याच ‘क्षत’ला नकार लागून लग्नातल्या अक्षता झाल्या, न तुटलेले तांदूळ. जे अखंड आहे तेच आपण दोघांवर उधळतो.

इतिहासाचा अभ्यासक

१४ जानेवारी १७६१ च्या पानिपतनंतर ‘पानिपत होणे’ हाच सर्वनाशाचा वाक्प्रचार झाला. पराभवाच्या सांकेतिक वर्णनात मोठ्या माणसांना मोत्ये आणि मोहरा म्हटले आहे, तर सामान्य शिपायांना खुर्दा, ज्याची गणतीच नाही. खुर्दा म्हणजे सुटे पैसे, मोड. ‘सैन्याचा खुर्दा उडाला’ म्हणताना आपण तेच बोलतो. ‘दाणादाण’ शब्दातही दाणे दिसतात. पण दाणे वेचता येतात, म्हणून मला खुर्दा हा शब्द अधिक क्रूर वाटतो, कारण त्यात माणसाची किंमतच सुट्या नाण्याइतकी होते.